पत्र्याची झडप आणि देहूचे डॉक्टर

हुबळी-धारवाडकडे ‘मलप्रभा’ म्हटलं की नळाचं पाणी आठवतं. तिथली तहान सौंदत्तीजवळच्या मलप्रभा नदीवरच्या धरणावर भागते. स्वच्छतेच्या कामात मुरलेल्यांपुढे तेच नाव घ्या, त्यांना देहूचा संडास आठवेल. मैल्यापासून गॅस देणारा. तो रुजवला डॉ. एस. व्ही. मापुसकरांनी.

मापुसकर १९६०च्या सुमारास देहूच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा तुकोबांचं हे गाव सर्रास उघड्यावर जायचं. हगवण, जंत, पुन्हा हगवण. डॉक्टरांनी गावाच्या गळी उतरवून दहा संडास बांधून घेतले आणि पहिल्या पावसाळ्यातच ते ढासळले. अहवालात अशा फजितीची एका ओळीत बोळवण होते. पण पुढची वाट तिथूनच फुटली, कारण डॉक्टर वळले ते कणकवलीच्या गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांच्या प्रयोगांकडे.

अप्पासाहेब संडासाकडे आले ते रोगराईमुळे नव्हे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. उच्चवर्णीय कैद्याला ते द्यायला तुरुंग तयार होईना. अप्पांनी अन्न कमी केलं. डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास धरला. सवलत मागणारे कैदी सरकारला ठाऊक होते, झाडू मागणाऱ्याचं काय करायचं?

१९४८ साली कणकवलीत गोपुरी आश्रम उभा राहिला, तोवर प्रश्न पुढे सरकला होता. भंगीकाम आपण करून भागणार नाही, ते कुणालाच करावं लागू नये. गोपुरी संडासाचं सगळं तंत्र त्यातून आलं. एक कप्पा वापरात, दुसरा मुरत. वरून माती, राख, पालापाचोळा, म्हणजे गावात फुकट मिळणारं सामान. काही महिन्यांनी निघतं ते सोनखत; हातात घेतलं तरी वास येत नाही.

मला मात्र जास्त भावतो तो अप्पांचाच ‘सोपा संडास’. भांड्याच्या तळाशी पत्र्याची झडप. वरून वजन पडलं, लोटाभर पाणी ओतलं, की झडप खाली झुकते. माल खड्ड्यात गेला की आपोआप मिटते. माशा नाहीत, दुर्गंधी नाही. डोक्यावरून हंडे आणणाऱ्या घरात बादलीभर आणि लोटाभर पाण्यातला फरक काय असतो, ते तिथल्या बाईलाच विचारावं.

अप्पांनी संडासाला गॅसही जोडून पाहिला होता. तो धागा मापुसकरांनी देहूत लांबवला. आता आक्षेप स्वयंपाकघरातून: त्या गॅसवर शिजलेलं देवाला कसं दाखवायचं? निळी ज्योत शेणाच्या गॅससारखीच आणि वास मुळीच नाही, हे शेगडीपाशी उभं राहून पटतं, भाषणाने नाही. खरी अडचण हिशेबाची. माणशी दिवसाला गॅस निघतो जेमतेम ३०-४० लिटर. पाच माणसांच्या घरात चहा आणि आमटी होते, भाकऱ्या राहतात. गोठ्यातलं शेण जोडलं तर त्याही भागतात.

आणि गॅस निघाल्यावर उरणाऱ्या मळीचं काय? जंतांची अंडी भलती चिवट. गॅस निघून गेला तरी त्यातली काही तग धरतात. म्हणून बाहेर आलेली मळी थेट मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात सोडायची नाही. आधी पालापाचोळ्यात घालून नीट कुजवायची, मगच शेतात न्यायची.