जंतू मेला, तंतूचे काय?

कुष्ठरोगाशी वर्धा जिल्ह्याइतके जुने आणि सलग नाते देशातल्या फार थोड्या जिल्ह्यांचे असेल. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी सेवाग्रामला स्वतःच्या हातांनी केली. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे काम वर्ध्यात सुरू झाले आणि डॉ. वारदेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण व उपचार यांची सांगड घालणारी पद्धत रुजवली. १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत आला, त्यांत वर्धा होता. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट भारताने राष्ट्रीय पातळीवर गाठले. हे यश खरे आहे, पण ते मोजण्याचे माप अपुरे आहे. आपण जंतू मोजतो. माणसाला अपंग करते ती चेतातंतूंची हानी, आणि तिचा हिशेब उपचाराचा कोर्स संपला की बहुधा थांबतो.

ही हानी समजून घ्यायची तर चेतापेशीच्या आत जावे लागते. पेशीपासून निघणारा अक्षतंतू पायाच्या बोटांपर्यंत सुमारे मीटरभर लांब असू शकतो. त्याला आतून आधार देतात न्यूरोफिलामेंट हे प्रथिनांचे धागे. त्यांची जाडी सुमारे दहा नॅनोमीटर. हलके, मध्यम आणि जड अशी त्यांची तीन मुख्य घटकप्रथिने आहेत. मध्यम आणि जड प्रथिनांची शेपटे गव्हाच्या ओंबीच्या कुसळांसारखी बाहेर आलेली असतात. त्यांच्यावर फॉस्फेटचे गट चढले की धागे एकमेकांपासून अंतर राखतात, अक्षतंतू जाड राहतो आणि जाड तंतूतून संदेश वेगाने धावतो. ही प्रथिने मुख्यतः पेशीच्या मूळ भागात तयार होतात आणि दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर या गतीने पुढे सरकतात. म्हणजे कंबरेजवळून निघालेला माल तळपायापर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. टोकाकडचा सांगाडा एकदा ढासळला की तो लवकर उभा राहत नाही, याचे एक मोठे कारण इथे आहे.

कुष्ठरोगाचा जंतू अंगाच्या तुलनेने थंड भागांतल्या, त्वचेलगतच्या चेतातंतूंमध्ये, विशेषतः त्यांना लपेटणाऱ्या श्वान पेशींमध्ये, घर करतो. कोपरामागची चेता दुखावली की करंगळीकडची बोटे वाकतात, गुडघ्याबाहेरची दुखावली की पाऊल लोंबते. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. नोशीर अंतिया आणि डॉ. वनजा शेट्टी यांच्या गटाने अशा चेतांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. रुग्णांच्या चेतांमध्ये अक्षतंतू रोडावलेले आढळले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात न्यूरोफिलामेंट प्रथिने घटलेली आणि त्यांच्यावरचे फॉस्फेट कमी झालेले दिसले. पुढे उंदरांच्या तळपायात जंतू टोचल्यावर मांडीतल्या मोठ्या चेतेतही फॉस्फेट घटल्याचे या गटाने दाखवले. जंतू तळपायात आणि बदल त्याच्या खूप वर, ही बाब मला निर्णायक वाटते. रोगाची सीमा जंतूच्या वस्तीशी संपत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की प्रथिनांतला हा बदल रोगाचे कारण नसून परिणाम असेल. सुरुवात श्वान पेशींच्या बिघाडाने होत असणे शक्य आहे. पण न्यूरोफिलामेंटची उणीव स्वतःही चेतेला दुबळे करते, याचा पुरावा कुष्ठरोगाबाहेर आहे. जन्मतः हे धागे नसलेल्या जपानी लावा पक्ष्यांत अक्षतंतू बारीक राहतात. माणसांतही हलक्या घटकाच्या जनुकातील दोषामुळे शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक विकाराचा एक प्रकार होतो. त्यात पाय झिजतात आणि संवेदना मंदावते. दुसरा आक्षेप चेतांची हानी मोजण्याच्या खर्चाचा. तुटलेल्या अक्षतंतूंतून रक्तात उतरणारे हलके न्यूरोफिलामेंट आता मोजता येते. त्याच्या घटीच्या आधारे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये एएलएस या चेताविकाराच्या एका आनुवंशिक प्रकारावरच्या टोफरसेनला सशर्त मंजुरी दिली. परंतु ही चाचणी महाग आहे, वयानुसार आणि मधुमेहातही तिचे आकडे वाढतात, म्हणून ती रोग ओळखून देत नाही. हे सारे मान्य. ती आर्वी-कारंज्याच्या उपकेंद्रात न्यावी असे माझे म्हणणे नाही. तिथे नायलॉनच्या तंतूने स्पर्श तपासणे आणि स्नायूंची ताकद हाताने पाहणे पुरेसे आहे. तिसरा आक्षेप म्हणजे रुग्ण लवकर शोधला की प्रश्न मिटतो. लवकर शोधणे आवश्यकच आहे, तरी मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीराच्या प्रतिकारशक्तीला चिथावत राहतात. त्यामुळे रिअ‍ॅक्शन, म्हणजे चेतांना इजा करणारा दाह, उपचार चालू असताना येते, तशीच सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स संपल्यावरही येते.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. नवी हानी सहा महिन्यांच्या आत पकडून स्टेरॉइड दिले तर चेता सावरण्याची शक्यता चांगली असते. उशीर झाला की ती घटत जाते. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत ‘कोर्स पूर्ण’ या शेऱ्याशेजारी हात, पाय आणि डोळ्यांच्या चेतांची स्थिती लिहिली जावी, आणि ती तपासणी औषध थांबल्यानंतरही काही वर्षे चालू राहावी. आशा सेविका गावात आहे, सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून खेड्यांशी जोडलेले आहे, सर्वेक्षणाची पद्धत तर याच मातीत घडली. एका रोगाला गाठायचे कसे हे या जिल्ह्याने देशाला शिकवले. रोग गेल्यावर माणसाचा हात कामाचा ठेवायचा कसा, हे शिकवण्याची साधने आणि जबाबदारी दोन्ही त्याच्याकडे आहेत.