पाचवे शील आणि चौकातली नाकाबंदी

३१ डिसेंबरची रात्र आली की शहराशहरांत पोलिसांची नाकाबंदी लागते. चौकात बॅरिकेड लावून, श्वासतपासणीचे यंत्र हाती घेऊन हवालदार उभा असतो. येणाऱ्या प्रत्येक दुचाकीस्वाराला थांबवून फुंकर मारायला सांगितले जाते. नेमक्या त्याच रात्री आपले हजारो तरुण निळे झेंडे लावून दुचाकीवरून भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी निघालेले असतात. डोक्याला निळी पट्टी असते, हेल्मेट मात्र नसते. एका गाडीवर तिघे बसलेले असतात. बहुसंख्य तरुण निर्व्यसनीच असतात. पण काहींच्या तोंडाला वास येतो, हेही आम्ही पाहिले आहे. आपल्या घरातली गोष्ट आपणच बोलायला हवी, म्हणून हा लेखप्रपंच!

दुचाकी हे आज कष्टकऱ्याचे वाहन आहे. पहाटे नाक्यावर जाणारा गवंडी, रात्रपाळीचा सफाई कामगार, घरोघर पार्सल पोहोचवणारा पदवीधर पोरगा, सगळे याच दोन चाकांवर पोट भरतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४ हजार ८९७, म्हणजे शंभरातले जवळजवळ पंचेचाळीस, दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५० हजारांवर आहे. त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. ही कोणाची लेकरे आहेत, हे वस्तीत राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कमावता हात गेला की घर दहा वर्षे मागे जाते आणि मुलीची शाळा सुटते.

पोलिसांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ पासून मद्यपी चालकांविरुद्ध मोहीम लावून धरली आणि रात्रीची तपासणी ही शहराच्या अंगवळणी पडली. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कारवाई कडक झाली. मुंबईत २०२२ साली मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे झाले, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर तशाच कारवाईचे आदेश निघाले. कायदाही स्पष्ट आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले की तो गुन्हा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हेल्मेट नसेल तर दंडाबरोबर तीन महिने परवानाही जाऊ शकतो.

पुण्यात या सक्तीविरुद्ध कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले. हेल्मेट घालावे की नाही हा म्हणे व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न! आम्हाला हे पटत नाही. ज्या समाजाला रस्त्यावरून ताठ मानेने चालण्यासाठीही लढावे लागले, त्याने डोके फोडून घेण्याच्या स्वातंत्र्यासाठी मोर्चा काढायचा काय? ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. दारूने ब्रेक दाबायला एका सेकंदाचा उशीर झाला की तेवढ्यात माणूस चिरडला जातो. इथे युक्तिवाद उपयोगी पडत नाही.

पण पोलिसांनाही आमचा एक सवाल आहे. नाकाबंदी सर्वांसाठी सारखी आहे काय? १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका आलिशान मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. मोटार चालवणारा अल्पवयीन होता आणि तो दारू प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्याला काही तासांतच जामीन मिळाला, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध! पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातले डॉक्टर पकडले गेले आणि दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले. ७ जुलै २०२४ रोजी मुंबईत वरळीला पहाटे मासळी घेऊन स्कूटरवरून घरी निघालेल्या कोळी दांपत्याला मोटारीने धडक दिली. पत्नी फरफटत जाऊन मरण पावली. सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक नेत्याचा मुलगा असलेला आरोपी दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनी रक्तात दारू शोधून काय मिळणार?

आमच्या पोराला चौकात अडवून तिथल्या तिथे फुंकर मारायला लावतात, आणि धनिकाच्या पोराचे रक्त तपासायला दिवस लागतात! दोन्ही घटनांत मेले ते दुचाकीवरचेच. बाबासाहेबांच्या संविधानाने कायद्यापुढे समानता दिली आहे, आणि ती चौकातही दिसली पाहिजे. वस्तीच्या तोंडाशी, झाडाआड उभे राहून पावत्या फाडण्यापेक्षा जिथे अपघात होतात तिथे आणि बड्या पबच्या दारातही यंत्र घेऊन उभे राहा. तपासणीचा कॅमेरा, दंडाची पावती आणि वेळेत रक्ततपासणी ही त्रिसूत्री पाळली तर लोक पोलिसांवर विश्वास ठेवतील.

सरकारचे ढोंग तर आणखी मोठे. संविधानाच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांलगतची दारू दुकाने हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा महसूल बुडतो म्हणून पळवाटा शोधल्या गेल्या. कुठे कुठे महामार्गांचा दर्जाच बदलण्यात आला! २०१७ मध्ये शहरी हद्दीला सवलतही मिळाली. एका हाताने दारूचा परवाना द्यायचा आणि दुसऱ्या हाताने पिणाऱ्याच्या तोंडाला यंत्र लावायचे, असा हा कारभार आहे.

मात्र सरकारला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. विहारात आपण पाचवे शील दर रविवारी म्हणतो. तथागतांनी त्यात मद्याबरोबर ‘प्रमाद’ हा शब्द ठेवला आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मद्य टाळायचे ते बेसावधपणाचे मूळ म्हणून. मग न पिता भरधाव गाडी हाकणे, तिघे बसणे, हेल्मेट हँडलला अडकवून फिरणे, हाही प्रमादच नव्हे काय? पहिले शील जीवहिंसेपासून दूर राहायला सांगते. प्यालेला चालक पाचवे शील मोडतो आणि त्याच्या पायी पहिलेही मोडते.

म्हणून जयंती मंडळांना आमचे सांगणे आहे. १४ एप्रिलच्या दुचाकी रॅलीत हेल्मेट नसेल त्याला झेंडा देऊ नका. प्यालेल्याची चावी काढून घ्या, तो कितीही जवळचा कार्यकर्ता असला तरी. डीजेवर होणाऱ्या खर्चातून गरीब मुलांना आयएसआय मार्कची हेल्मेट द्या. विहारात एक रविवार या विषयाला द्या, आणि स्थानिक वाहतूक पोलिसांना बोलावून त्यांना आपले प्रश्नही विचारा. अपघात दिसला तर घाबरू नका. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचे १३४ अ हे कलम संरक्षण देते. मे २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. वस्तीतल्या प्रत्येक तरुणाला हे ठाऊक असले पाहिजे.

विजयस्तंभाला मानवंदना देऊन पोरगा सुखरूप घरी यावा म्हणून आई रात्रभर जागी असते. त्या आईसाठी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधा. पोलिस चौकात असोत वा नसोत, शील आपल्या सोबत असते. जय भीम!