तलवारबाजी : नजर, हात आणि पाय यांचा मेळ

खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांच्या सैन्याने मुघल सरदार कारतलबखानाची कोंडी केली, तेव्हा तलवार हे युद्धातील शस्त्र होते. आज तलवारबाजी हा ऑलिंपिकमधील क्रीडाप्रकार असून त्यात बोथट टोकाची लवचीक पाती वापरली जातात. फॉइल, एपे आणि सेबर हे तिचे तीन प्रकार असून फॉइलमध्ये केवळ धडावर, एपेमध्ये संपूर्ण शरीरावर, तर सेबरमध्ये कमरेच्या वरच्या भागावर केलेला वार ग्राह्य धरला जातो. नवशिक्याचा सराव पवित्र्यापासून सुरू होतो : दोन्ही पावले काटकोनात ठेवून, गुडघे वाकवून चौदा मीटर लांबीच्या अरुंद पट्टीवर पुढे-मागे सरकावे लागते, आणि मागचा पाय ताठ करत पुढचा पाय लांब टाकून झेपावण्याला ‘लंज’ म्हणतात. यामुळे मांड्या व पोटऱ्या बळकट होतातच, शिवाय समोरच्याची चाल हेरून तत्क्षणी प्रतिसाद देण्याची सवय लागल्याने नजर, हात व पाय यांचा समन्वय सुधारतो. कर्जत-खालापूरमधील होतकरूंना पदन्यासाचा सराव घराच्या अंगणातही करता येईल. मात्र जाळीचा मुखवटा, संरक्षक जाकीट आणि जाणकार प्रशिक्षक यांच्याशिवाय पाते हाती घेऊ नये.