मुखातील मित्रजंतू

‘दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणीतील दात नसलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो तो वृद्धच. परंतु दात गमावण्यास वार्धक्य यावेच लागते असे नाही. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसल्यामुळे घरची मंडळी पुष्कळदा तिला दुधाचीच दाढ समजतात, आणि ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः ही दाढ कायमची असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. ही दाढ कोण पोखरते, आणि तिच्या रक्षणासाठी हल्ली ज्या मित्रजंतूंचे नाव घेतले जाते ते कितपत उपयोगी पडतात, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

मुखातील सूक्ष्म जीवसृष्टीचे पहिले वर्णन हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापडव्यापाऱ्याने केले. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक. स्वतः घासून तयार केलेल्या भिंगातून त्याने आपल्या दातांवरील पांढरा थर तपासला आणि त्यात असंख्य चिमुकले जीव वळवळत असल्याचे १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. विशेष हे की, हा गृहस्थ आपले दात रोज मिठाने घाशीत असे. म्हणजे स्वच्छ मुखदेखील निर्जंतुक नसते. मानवी मुखात आढळणाऱ्या सुमारे ७०० जातींच्या जीवाणूंची आज शास्त्रज्ञांना ओळख झाली आहे. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. काही तर उपकारक असतात.

मग दात किडतो कसा? आपण गोड पदार्थ खाल्ला की दातांवरील चिकट थरात राहणारे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स व त्याच्यासारखे इतर जीवाणू त्या साखरेवर ताव मारतात आणि आम्ल निर्माण करतात. दाताचे शुभ्र, कठीण आवरण, म्हणजे दंतवल्क, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु मुखातील आम्लतेचा अंक, ज्यास पीएच म्हणतात, तो सुमारे ५.५ च्या खाली उतरला की हे आवरणही विरघळू लागते. आपली लाळ हे आम्ल हळूहळू शमविते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट यांनी झालेली झीज भरून काढते. मात्र या दुरुस्तीस अवधी हवा. दिवसभर थोडे थोडे गोड तोंडात टाकणाऱ्याच्या लाळेला तो मिळतच नाही. आम्लात तग धरणारे जीवाणू मग बळावतात, सौम्य जीवाणू मागे पडतात आणि मुखातील समतोल ढळतो. तेव्हा दात किडणे हा बाहेरून आलेल्या शत्रूचा हल्ला नसून घरातील बेबनावाचा परिणाम आहे.

हा बेबनाव उपकारक जीवाणूंच्या साहाय्याने मिटविता येईल काय? जीवाणूंचा असा उपयोग करून घेण्याची कल्पना नवी नाही. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी आंबविलेल्या दुधातील जीवाणू आतड्यांस हितकर असल्याचे प्रतिपादन केले होते. पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्यास लाभदायक ठरणाऱ्या अशा जिवंत सूक्ष्मजंतूंना आज ‘प्रोबायोटिक’ म्हणतात. आम्ही त्यांना मित्रजंतू म्हणू. मुखात ते तीन प्रकारे काम करीत असावेत असे मानले जाते. एक, उपद्रवी जीवाणूंची जागा व अन्न ते बळकावतात. दोन, त्यांची वाढ रोखणारी द्रव्ये ते स्रवतात. आणि तीन, हिरड्यांचा दाह कमी होण्यास ते हातभार लावतात.

कल्पना आकर्षक असली तरी शास्त्रात प्रयोगावाचून तिला किंमत नाही. फिनलंडमधील हेलसिंकी येथे १ ते ६ वर्षे वयाच्या ५९४ बालकांवर असा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. काही बालकांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जीवाणू घातलेले दूध, तर इतरांना साधे दूध, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सात महिने देण्यात आले. मित्रजंतूंचे दूध पिणाऱ्यांत दात किडण्याचे प्रमाण काहीसे कमी आढळले. ३ ते ४ वर्षांच्या बालकांत हा फरक विशेष दिसला. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाचे जॉन टॅग यांनी स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस या मुखनिवासी जीवाणूचा के-१२ हा वाण अभ्यासिला. त्याच्या वापराने मुखदुर्गंधीस कारण होणारे गंधकयुक्त वायू कमी झाल्याचे छोट्या प्रमाणावरील प्रयोगांत दिसून आले.

येथे कोणी विचारील, ‘आमच्या घरी रोज दही असते; मग वेगळे मित्रजंतू कशाला?’ प्रश्न रास्त आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत दह्याचा कण मिथिलीन ब्ल्यूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा निळ्या दांड्या व मण्यांच्या माळा पाहून आम्हीही हरखून गेलो होतो. दही हे उत्तम अन्न आहे यात शंका नाही. परंतु विरजणात कोणता वाण किती आहे हे घरोघरी निराळे असते, आणि लाभ सिद्ध झाला आहे तो विशिष्ट वाणांचा. शिवाय लॅक्टोबॅसिलस कुळातील जीवाणू स्वतः आम्ल निर्माण करतात. किडलेल्या दाताच्या खळग्यात त्यांचीच दाटी असते. कुळ एक असले तरी गुण निराळे! त्यातच दह्यात साखर कालविली तर मित्राबरोबर शत्रूलाही मेजवानीचे निमंत्रण दिल्यासारखे होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. बाहेरून घेतलेले हे जीवाणू मुखात सहसा कायमचे वस्ती करीत नाहीत. सेवन थांबले की थोड्याच दिवसांत ते नाहीसे होतात. ते पाहुणे आहेत, घरधनी नव्हेत. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली आहे त्यांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून त्यांच्या वाटेस जाऊ नये.

तात्पर्य, मित्रजंतूंकडून आशा बाळगण्यास आधार आहे, परंतु त्यांच्यावर भिस्त ठेवून दात घासणे सोडण्यास मुळीच आधार नाही. सकाळी आणि विशेषतः रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत, गोड खायचे ते जेवणाबरोबरच खावे, आणि मधल्या वेळी लाळेला तिचे काम करू द्यावे. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या सहा-सात वर्षांच्या धाकट्या भावंडाला उजेडात बसवून त्याचे तोंड उघडावयास सांगा. अगदी मागे ती नवी दाढ दिसेल. ती दुधाची नव्हे, जन्माची आहे, एवढे आईला सांगितलेत तरी हा लेख वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.