पेटी, मोत्या आणि मे अखेरचे खळे

मे महिन्याचे शेवटचे आठ दिवस आले की आमच्या मालवणकडच्या घरात सर्वांत जास्त भांडणे होतात ती खळ्यावरून. खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. या दिवसांत ते बसा-उठायचे ठिकाण राहत नाही, त्याचे कोठार होते. एका बाजूला आईची सोले, दुसऱ्या बाजूला मीठ लावलेले बांगडे, मध्ये फणसपोळीची ताटे, कडेला लाकडे. मिरग दहा-बारा दिवसांवर आलेला असतो. तो एकदा लागला की चार महिने ऊन उसने मागूनही मिळत नाही. अशा त्या खळ्यात माटवाच्या सावलीला आम्हाला हात-दोन हात जागा हवी असते ती वडिलांच्या पेटीसाठी. "माणसांका बसाक जागा नाय, आणि पेटयेक बसकर होयी!" असे आई म्हणते, आणि सोलांची चटई वीतभर सरकवते. अगदी वीतभरच.

सोलांचे काम वरवर सोपे दिसते. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, साली उन्हात टाकायच्या. पण खरी मेहनत पुढेच आहे. काढलेल्या रसात मीठ घालून त्यात त्या साली पुन्हा पुन्हा बुडवायच्या आणि पुन्हा पुन्हा वाळवायच्या. जितकी पुटे जास्त तितकी सोले काळी, आंबट आणि टिकाऊ. बियाही फुकट जात नाहीत. त्यांचे भिरंडेल निघते, आणि पावसात चिखल्या झालेल्या पायांना त्याच्यासारखे औषध नाही. या सगळ्या कामात आमची मुंबईची मुले पहिले दोन दिवस उत्साहाने बसतात. तिसऱ्या दिवशी बोटांची कातडी सोलवटली की समुद्रावर पळतात. तिथे पहाटे रापण ओढायला हात लावला तर मूठभर मासळी वाट्याला येते. ती मासळी घेऊन मुले अशी येतात, जणू होडी त्यांच्याच मालकीची. मांजर मात्र मुलांच्या आधी वाट ओळखते आणि फाटकापाशी जाऊन बसते. खळ्यातल्या बांगड्यांवर तिचा डोळा असतो, पण मध्ये मोत्या आडवा पडलेला असतो. हा मोत्या म्हणजे आमचा कुत्रा, आणि तो पडतो नेमका पेटीला पाठ लावून.

आता ही पेटी आमच्या घरी कशी आली ते सांगितले पाहिजे. त्यासाठी जरा मागे जावे लागेल.

आमच्या आजोबांच्या गळ्यात ढोल होता. हौसेचा नव्हे, वाट्याला आलेला. गावचा उत्सव असो की कोणाचे कार्य असो, आपल्या लोकांनी जाऊन वाजवायचे, लांब उभे राहायचे आणि जे पदरात पडेल ते घेऊन घरी यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्यानंतर कोकणातल्या कितीतरी वाड्यांनी ही वाजपाची कामे टाकून दिली. आमच्या आजोबांनीही ढोल खाली ठेवला तो ठेवलाच. मोबदला बुडाला, गावाचा रोष आला, तो त्यांनी सोसला. परंतु एक गोष्ट क्वचितच कोणी बोलते ती आम्ही बोलतो. त्या ढोलाबरोबर घरातला नादही गेला. ज्या हातांत ताल होता ते हात पुढे वीस वर्षे फक्त कुदळीवर आणि कोयत्यावर राहिले. जे लादलेले होते ते टाकणे भागच होते, पण आवडीचे असे त्याच्या जागी लगेच काही आले नाही.

वडील मुंबईला लालबागच्या एका गिरणीत लागले. सत्तरीच्या दशकात एका दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी एका भजनी बुवांकडून जुनी पेटी विकत घेतली. ती गावी आणली तेव्हा आजोबांनी आधी तिच्याकडे आणि मग वडिलांकडे पाहून विचारले, "कोणाच्या दारात वाजवतलंस ही?"

वडील म्हणाले, "आपल्याच पडवेत."

आजोबा काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर ते पडवीतल्या खांबाला टेकून बसले, आणि पेटी वाजत होती तेवढा वेळ त्यांची बोटे मांडीवर चालत होती, असे आई सांगते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आमच्या घरातून एकेक करून पितळी भांडी गेली, आईच्या पाटल्या गेल्या. पेटीला गिऱ्हाईक आले होते, पण वडिलांनी ती दिली नाही. यावरून आईचे आणि त्यांचे बोलणे दोन महिने बंद होते, हेही आम्ही लपवीत नाही. घरात पीठ नसताना पेटी सांभाळणारा माणूस बाईमाणसाला शहाणा कसा वाटावा? संप मोडला, गिरणी सुटली, आणि वडील एक ट्रंक, एक वळकटी व ती पेटी घेऊन एसटीने कायमचे गावी आले. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्ण मार्गावर १९९८ साली सुरू झाली.

तसे पेटीचे नशीबही आमच्यासारखेच. परदेशी बाजाचा हातभात्याचा सुटसुटीत अवतार एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात घडला, आणि तो भजनात, तमाशात, दशावतारात, जलशात सगळीकडे शिरला. पण मींड काढता येत नाही, सूर तुटक येतो, असे म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले. ती बंदी उठायला १९७१ साल उजाडले. या तीस वर्षांत वाड्यावस्त्यांतल्या माणसाने मात्र पेटी सोडली नाही. सोडणार कशी? गळा तयार नसला तरी सूर हाताशी देणारे असे दुसरे वाद्य नाही. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, आणि एवढ्या कामाच्या रगाड्यात त्यासाठी वेळ काढला होता. हौसेला वेळ नाही म्हणणाऱ्या आमच्या भावांनी हे जरा आठवून पाहावे.

आपल्या कोकणातल्या वाड्यांत १४ एप्रिलला माणसे थोडी असतात. चाकरमानी येतात मे महिन्यात. म्हणून बऱ्याच ठिकाणी भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची जयंती एकत्र, मे महिन्यातच होते. आमच्याकडेही तसेच. रात्री जेवणे उरकली की पोरे-पोरी पडवीत जमतात आणि गाण्यांची तालीम सुरू होते. २००४ च्या मे महिन्यात अशीच तालीम चालू असताना वामनदादा कर्डक गेल्याची बातमी आली. तारीख १५ मे. ज्यांना अक्षरओळखही मोठेपणी झाली आणि ज्यांनी पुढे हजारो गाणी लिहिली, त्या माणसासाठी आमच्या वडिलांनी त्या रात्री नुसता भाता चालवून एकच सूर बराच वेळ धरून ठेवला. कोणी गायले नाही. पुढच्याच महिन्यात प्रल्हाद शिंदेही गेले. घरातल्या त्यांच्या कॅसेटी अजून आहेत. लावायला टेपरेकॉर्डर मात्र नाही.

वडील गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या हातून चूक झाली. पेटी जपायची म्हणून आम्ही ती प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळली, मधल्या खोलीत भिंतीला लावून ठेवली, खोलीला कुलूप घातले आणि किल्ली मुंबईला नेली. दिवाळीत येऊन उघडली तो काय! लाकूड फुगून पट्ट्या अडकलेल्या, निम्मे सूर मुके, उरलेले घोगरे, भात्याच्या घडीत उंदराने केलेले भोक. समुद्रकाठची खारी हवा आणि पावसाची ओल पितळेवर हिरवा गंज चढवते, आणि प्लॅस्टिकमध्ये ओल बाहेर जायला वाटच नसते. कुडाळकडचे एक म्हातारे कारागीर पेटी उघडून तिच्यात बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "पेटी पावसान मरना नाय, गप रवल्यान मरता."

त्यांनी आम्हाला जे सांगितले ते ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. पेटी रोज दहा मिनिटे तरी वाजवावी, म्हणजे आतली हवा हलती राहते. जमिनीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नये. सुती कापडात गुंडाळून फळीवर ठेवावी. उन्हात तापवू नये, सांधे सुटतात. मऊ कुंच्याने धूळ झाडावी. रीड मात्र सँडपेपरने घासण्याचा शहाणपणा करू नये. रीड टोकाशी खरवडली तर सूर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो. ते काम जाणत्याचेच. दुरुस्तीला किती पैसे पडले ते आम्ही आईला अद्याप सांगितलेले नाही.

त्या वेळेपासून पेटी कुलपात ठेवायची नाही असे ठरले. मग ती वाजवू लागली आमची पुतणी. ती आता नववीत आहे. शिकवायला कोणी नाही. मोबाईलवर गाणे ऐकते, मान वाकडी करून पट्ट्या शोधते, चुकते, पुन्हा शोधते. तिचा पहिला श्रोता मोत्या. काळी चारवर तिने सूर लांबवला की तो मान वर करून 'ऊऽऽ' लावतो. पाहुणे हसतात, कोणी त्याला दगड मारतात. दगड मारू नये. कुत्र्यांची लांबून एकमेकांना घातलेली साद अशीच असते, त्यामुळे लांबलेला सूर ऐकला की ती आपला सूर लावतात. कुत्रा कान पाडून लांब पळत असेल तर आवाज त्याला सोसत नाही असे समजावे आणि थांबावे. मोत्या पळत नाही, उलट जवळ सरकतो. गेल्या साली बाजूच्या आवाठातला कुत्रा रात्री बिबट्याने नेला. तेव्हापासून आई त्याला अंधार पडला की पडवीत घेते, आणि मोत्या आपणहून पेटीखालच्या बाकड्याकडे जातो. त्याला वर्षातून एकदा रेबीजची लस दिलेली असते, हे येथे मुद्दाम सांगतो. मुले गावच्या कुत्र्यांशी खेळतात. चावा तर सोडाच, नख लागून ओरखडा आला तरी जखम वाहत्या पाण्याने साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. मिरची-चुना लावीत बसू नये.

यंदा मात्र पेटीवरून खळ्यातल्यापेक्षा मोठा प्रश्न उभा राहिला. आमचा मुलगा मुंबईत पेटीच्या क्लासला जाऊ लागला आहे. क्लासची पेटी आठवड्यातून दोनच तास हाताला लागते. आजोबांची पेटी मुंबईला न्यायची असा त्याने हट्ट धरला, आणि आम्हालाही तो खोटा वाटेना. मुंबईला खारी ओल कमी नाही, पण शिकवणारा माणूस आहे. भाऊ म्हणाला, "ने तुका होयी तर." वयनी काही बोलल्या नाहीत. पुतणी सोलांची चटई परतत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, न्या पेटी. मी मोबाईलवर वाजवीन. त्यात पण पेटी असते."

तिने ती दाखवलीही. काचेवर पट्ट्या उमटतात, बोट लावले की सूर येतो. भाता नाही. मोत्याने एकदा कान टवकारले आणि पुन्हा झोपी गेला.

त्या संध्याकाळी माटव उतरवायचा होता. चुडते खाली आली, खळे एकदम उघडे पडले, आणि पश्चिमेला ढग दिसले. सगळे धावपळ करून बांगडे, सोले, लाकडे आत नेऊ लागले. पेटी उचलून आत आणली तर ठेवायला जागा कुठली? आमच्या घरात पावसाळ्यात एकच जागा खणखणीत कोरडी राहते. चुलीच्या भिंतीपलीकडची फळी. तिच्यावर आईची बेगमी असते: सोलांची बरणी, सुक्या मासळीचा डबा, बियाण्याची गाडगी. त्या फळीला आम्ही कोणी हात लावीत नाही. आई आत गेली. भांडी हलल्याचा आवाज आला. पाहतो तो तिने बरणी, डबा, गाडगी सगळे खाली काढले होते, आणि फळीवर तिचे जुने सुती लुगडे घडी करून अंथरले होते.

"हडे ठेय गो," ती पुतणीला म्हणाली. "आणि रोज वाजय. नायतर उंदीर वाजवतले."

मुलगा थोडा हिरमुसला. आम्ही त्याला मुंबईत जुनी पेटी शोधून देण्याचे कबूल केले आहे. बोनस आमच्या नोकरीत नाही, तेव्हा हप्त्याने.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो. कुडाळला गाडी होती. मोत्या नेहमीप्रमाणे एसटीच्या मागे पुलापर्यंत धावला. चौथ्या दिवशी आम्ही फोन केला. पाऊस लागला होता आणि कौलांवरचा त्याचा आवाज एवढा होता की पुतणी काय बोलते ते कळेना. मग तिने फोन पेटीवर ठेवला असावा. पावसामागून जयंतीच्या वेळी बसवलेल्या गाण्याची चाल ऐकू आली, अंतऱ्यात एका जागी अडखळली, आणि लगेच मोत्याचा 'ऊऽऽ' आला. आईने फोन घेतला. "दोन दिवस जेवलो नाय," ती म्हणाली. "आज सकाळी माशाच्या निवळीत भाकरी कुस्करून दिलंय, खाल्ल्यान."