घरी बांधलेला व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक

ज्यांच्या घरी पूर्वी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना एक गोष्ट खास आठवत असेल. खुंटी फिरवल्याबरोबर तो बोलू लागत नसे. आधी काट्यामागचा दिवा लागे, मग पाठीमागच्या फटीतून काचेच्या नळ्यांचा तांबूस उजेड दिसे, आणि काही क्षण थांबल्यावर निवेदकाचा आवाज हळूहळू वर येई. आज ज्यांना त्याच जुन्या पद्धतीचा स्टीरिओ ध्वनिवर्धक घरी बांधण्याची हौस आहे, त्यांनी या विलंबापासूनच आरंभ करावा. यंत्र त्या वेळात काय करीत असे हे ज्याला कळले, त्याला पुढचे सारे कळणे अवघड नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्या मध्यभागी कॅथोड नावाची धातूची बारीक नळकांडी असते व तिच्या पोटात तापणारी तार. कॅथोड चांगला तापला की त्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. रेडिओ मुका राहत असे तो या तापण्याची वाट पाहत. कॅथोडभोवती प्लेट असते. तिला धन दाब दिला की इलेक्ट्रॉन तिच्याकडे धाव घेतात, उलट दिशेने मात्र येत नाहीत. या एकमार्गी वाहतुकीचा उपयोग इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी १९०४ साली करून दाखवला. त्यानंतर अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६च्या सुमारास दोहोंच्या मध्ये तिसरा घटक बसवला. तो म्हणजे ग्रिड, अर्थात तारेची जाळी. जाळीवरील दाब किंचित बदलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. ध्वनिवर्धनाची सारी विद्या या एका वाक्यात आहे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ध्वनिवर्धक लहान आवाज ताणून मोठा करतो अशी आपली कल्पना असते. वस्तुतः तो तसे काहीच करीत नाही. पाटाचे दार वर-खाली करणाऱ्या पाटकऱ्याच्या हातात फार बळ नसते. शेतात जे पाणी खळाळते ते धरणाचे असते. जाळी हे ते दार, आणि धरण म्हणजे आपल्या घरचा वीजपुरवठा. तबकडीवरून आलेला क्षीण संकेत केवळ दार हलवतो. लाऊडस्पीकरमधून आपण ऐकतो ती गायकाच्या स्वराचा आकार घेतलेली आपल्या भिंतीतली वीज असते. ध्वनिवर्धक बांधणाऱ्याच्या बहुतेक अडचणी, आणि त्याला असणारा धोकाही, याच एका गोष्टीतून उद्भवतात.

आता प्रत्यक्ष रचना पाहू. नवशिक्याला झेपेल असा सरळ आराखडा चार व्हॉल्व्हचा आहे. पहिला ईसीसी ८३. याच्या एकाच काचेत दोन स्वतंत्र ट्रायोड असतात. एक डाव्या वाहिनीला, एक उजव्या वाहिनीला. त्यांच्यापुढे प्रत्येक वाहिनीस एक ईएल ८४, म्हणजे लाऊडस्पीकर चालवण्याइतका जोमदार पेंटोड. चौथा ईझेड ८१; तो उलटसुलट वाहणारी वीज एकमार्गी करतो. ईएल ८४ ला २५० व्होल्ट दाब व ४८ मिलिअँपिअर प्रवाह दिला की त्याच्याकडून साडेपाच वॅटच्या आसपास शक्ती मिळते. आकडा लहान वाटतो, पण दिवाणखान्यातील गाण्याला तो पुरतो.

दोन वाहिन्या कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्याला कान दोन आहेत; आवाज कोणत्या बाजूने आला हे मन दोन्ही कानांच्या अनुभवांतील सूक्ष्म अंतरावरून ठरवते. हे तत्त्व ध्वनिमुद्रणात आणणारे ॲलन ब्लुमलाइन यांनी आपल्या पेटंटचा अर्ज १९३१ साली केला होता. स्टीरिओ तबकड्या बाजारात येण्यास मात्र १९५८ साल उजाडले. तंबोरा एका बाजूस, तबला दुसऱ्या बाजूस आणि गायक मध्ये असा भास हवा, तर दोन्ही वाहिन्या जुळ्या भावंडांसारख्या असाव्या लागतात. म्हणून सुटे भाग घेताना दोन्हीकडचे रेझिस्टन्स मीटरने मोजून, जोड्या लावून घ्यावेत.

व्हॉल्व्हला उंच दाब व थोडा प्रवाह मानवतो. लाऊडस्पीकरला याच्या उलट हवे असते. ईएल ८४ ला समोर सुमारे ५२०० ओहमचा भार लागतो, आणि लाऊडस्पीकर असतो ८ ओहमचा. या दोघांचे लग्न आउटपुट ट्रान्सफॉर्मर लावून देतो. ५२०० ला ८ ने भागून वर्गमूळ काढले की वेढ्यांचे प्रमाण मिळते: साधारण साडेपंचवीसास एक. शिवाय या रचनेत त्याच्या वेढ्यांतून एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहत असल्यामुळे आतील पोलादी पत्रे चुंबकत्वाने तुडुंब भरण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी पत्र्यांच्या दोन चळतींमध्ये कागदाएवढी फट मुद्दाम ठेवतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बंगळूरच्या एस. पी. रोडवर किंवा कोलकात्याच्या चांदनी चौकात आपण ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल, तर ही फट आधी सांगा. साऱ्या खर्चात कोठे हात सैल सोडावयाचा असेल तर तो येथे सोडावा.

आता त्या धरणाकडे वळू. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ईझेड ८१ मधून बाहेर पडताना तिच्यात सेकंदाला १०० लाटा उरतात. आधी एक कंडेन्सर, मग चोक, मग दुसरा कंडेन्सर अशा मार्गाने त्या लाटा निववाव्या लागतात. ईझेड ८१ च्या लगतचा कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडहून मोठा घालू नये. अधिक मोठा घातल्यास तो भरताना व्हॉल्व्हवर अतिरिक्त ताण पडतो. लाटा नीट निवल्या नाहीत तर काय होते ते मी अनुभवले आहे. माझ्या पहिल्या ध्वनिवर्धकातून गाण्यामागे भुंग्यासारखी अखंड गुणगुण येई. मी कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्ह बदलले, दुकानदारालाही मनातल्या मनात दोष दिला. तीन आठवड्यांनी उलगडा झाला. मी अर्थच्या तारा चासीवर जेथे सोयीचे वाटले तेथे जोडल्या होत्या. त्यामुळे पुरवठ्याच्या लाटा पत्र्यातून वाहत जाऊन पहिल्या व्हॉल्व्हच्या दारापाशी पोचत होत्या, आणि ते दार इमानाने त्यांनाच मोठे करीत होते. सगळ्या तारा एका बिंदूवर आणून चासीशी एकदाच जोडल्या आणि भुंगा उडाला. तेव्हापासून मी सांगत असतो: अर्थचा बिंदू एक ठेवा, हीटरच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून चासीच्या कोपऱ्यातून न्या, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर विजेच्या ट्रान्सफॉर्मरशी काटकोनात व दूर बसवा.

सारे करूनही व्हॉल्व्हच्या हातून थोडी विकृती होतेच. तिला आवर घालण्याची युक्ती अमेरिकेतील हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचली. लाऊडस्पीकरकडे जाणाऱ्या संकेताचा लहानसा अंश परत पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडकडे आणावयाचा, म्हणजे चूक आपल्या मुळापाशीच वजा होते. शिष्य गाता गाता आपला स्वर तंबोऱ्याशी पडताळून पाहतो, तसाच हा प्रकार. मात्र उलट जोडणी झाली तर चूक वजा होण्याऐवजी वाढत जाते आणि यंत्र किंकाळी फोडते. अशा वेळी घाबरू नये. यंत्र बंद करून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडील दोन तारांची अदलाबदल करावी.

परंतु एका बाबतीत मात्र भीती बाळगलीच पाहिजे. चासीच्या पोटात पावणेतीनशे व्होल्ट आणि त्याहूनही अधिक दाब खेळत असतो, आणि कंडेन्सर तो साठवून ठेवतात. प्लग काढून ठेवला म्हणजे यंत्र निर्जीव झाले, ही समजूत प्राणघातक ठरू शकते. यासाठी कंडेन्सरच्या दोन टोकांवर २,२०,००० ओहमचा, उंच दाब सोसणारा २ वॅटचा रेझिस्टन्स कायमचा जोडावा. तो दोन-तीन मिनिटांत साठा रिता करतो. तरीही मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नये. चासीला अर्थिंग हवेच. चालू यंत्रात मोजमाप करावयाचे तर एक हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीमार्गे जाणार नाही. घरात एकटे असताना किंवा झोप आलेली असताना हे काम करू नये. ज्याला विजेची ओळखच नाही त्याने पहिले यंत्र जाणत्या माणसाच्या शेजारी बसून बांधावे.

पहिल्यांदा वीज देताना रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची जुनी रीत पाळावी. मार्गात १०० वॅटचा तारेचा दिवा सिरीजमध्ये जोडावा. दिवा झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत कोठे तरी शॉर्ट आहे. मंद झाला तर पुढे जावे. लाऊडस्पीकर जोडल्याखेरीज व्हॉल्व्ह कधीही चालवू नयेत, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. सर्व ठीक दिसल्यावर सिरीजचा दिवा काढावा आणि ईएल ८४ च्या कॅथोडखालील १३५ ओहमच्या रेझिस्टन्सवरचा दाब मोजावा. तो ७ व्होल्टच्या आसपास असला, तर व्हॉल्व्हमधून ५२-५३ मिलिअँपिअर वाहत आहेत, म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

या साऱ्या खटाटोपाचे फळ काय? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, याहून स्वस्त, हलका आणि कमी विकृतीचा ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक आज कोठेही मिळतो. आपले हे यंत्र गाणे चालू असो वा नसो, सारखेच पन्नास-साठ वॅट खात बसते आणि दोन्ही वाहिन्या मिळून जेमतेम अकरा वॅट परत देते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले होते. तो काळ सरला. आता नवे व्हॉल्व्ह रशिया, चीन, स्लोव्हाकिया अशा देशांतून येतात. व्हॉल्व्हचा आवाज अधिक गोड असतो असे पुष्कळ रसिक म्हणतात, आणि त्या गोडव्यात व्हॉल्व्हच्या स्वतःच्या विकृतीचाही वाटा असू शकतो.

फळ दुसरेच आहे. आपल्या भोवतालची बहुतेक यंत्रे आता बंद पेटीत गेली आहेत. बिघडली की टाकावयाची, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. या यंत्रात मात्र संकेत कोठून शिरला, कोठे वळला, कोठे बळावला हे बोटाने दाखवता येते, आणि वीस वर्षांनी बिघडले तरी बांधणाऱ्याच्या मुलीला ते उघडून दुरुस्त करता येते. त्याची परीक्षाही सोपी आहे. तबकडी लावण्यापूर्वी आवाजाची खुंटी मध्यावर ठेवावी आणि लाऊडस्पीकरला कान लावावा. आपल्या घरची सारी वीज त्या क्षणी काचेच्या दारामागे उभी असते. काहीही ऐकू आले नाही, तर समजावे की काम साधले. मग सुई टेकवावी.