बसलेली मोटार

गेल्या श्रावणांत मेहुण्यांच्या मोटारींतून आम्ही सहकुटुंब नरसी नामदेव येथें गेलों होतों. हिंगोलीनजीक कयाधूच्या कांठीं वसलेलें हें गांव नामदेवरायांचें परंपरेनें मानलेलें जन्मस्थान. त्यांचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहेबांत असल्यामुळें पंजाबची मंडळीही येथें भक्तिभावानें येते.

आमच्या आत्याबाईंचें वय ८१, मणक्याचें दुखणें जुनें. त्यांस धक्का लागूं नये, एवढ्यासाठींच मेहुण्यांनीं ही उंच, भारी किंमतीची मोटार घेतली होती. मराठवाड्यांत अशा मोटारींचें अप्रूप आतां राहिलें नाहीं. ऑक्टोबर २०१० मध्यें तेव्हांच्या औरंगाबादेंत एकदम १५० मर्सिडीज मोटारी सुमारें ६५ कोटी रुपयांना घेतल्या गेल्या, हें वाचकांस आठवत असेलच. मेहुण्यांची मोटार मात्र त्यांतली नव्हे, व त्या कारखान्याचीही नव्हे.

रात्रीं मुक्काम केला. सकाळीं पाहतों तों मोटार मागच्या उजव्या अंगाला पार बसलेली. चाकाचा वरचा भाग पत्र्याआड गेलेला! आत्याबाई काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, "अगबाई, मला चढायला सोपें पडावें म्हणून बसली वाटतें!" त्यांचें म्हणणें अगदींच भाबडें नव्हे. अशा कांहीं मोटारी उतारूंसाठीं खरोखरच थोड्या खालीं होतात.

याचें कारण असें कीं, त्यांना साध्या मोटारींसारख्या पोलादी स्प्रिंगा नसतात. चाकापाशीं दोरे घालून मजबूत केलेला रबरी फुगा असतो. विजेवर चालणारा पंप त्यांत हवा भरतो, आणि उंची मोजणारें एक यंत्र गाडी समतल आहे कीं नाहीं हें पाहत राहतें. ही सोय नवी नव्हे. रेंज रोव्हरमध्यें ती १९९२ सालींच आली. तिच्या सुखाविषयीं आम्हांस शंका नाहीं. आम्हीं तें उपभोगिलें आहे. पण फुग्याच्या घडीवर धूळ बसते, उष्म्यानें रबर कडक होतें, आणि एके दिवशीं केसाएवढी चीर पडते. मग गाडी रात्रभर उभी राहिली कीं हवा निघून जाते. सकाळीं पंप तिला पुन्हां उचलतो व मालकाला वाटतें, सारें ठीक आहे! असा महिनोन्महिने राबणारा पंपच अखेर तापून जळतो. मेहुण्यांना दोन महिने इशाऱ्याचा दिवा दिसत होता. त्यांनीं ती दिव्याचीच खोडी समजून सोडून दिली. त्यांत या भागांतील काळी माती! पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि पाया भक्कम नसेल तर वरचा रस्ता लाटांसारखा होतो.

हिंगोलीहून मिस्त्री आला. त्यानें साबणाचें पाणी शिंपडलें. घडीपाशीं बुडबुडे उमटले.

"सोल्यूशन लावून घरापर्यंत जाईल का?" मेहुण्यांनीं विचारलें.

"साहेब, ही सायकलची ट्यूब नव्हे. वाटेंत फुटला तर आजींना घेऊन काय कराल?"

हा स्पष्टपणा आम्हांस आवडला. मोटार ट्रकवर चढली, व आत्याबाई पोलादी पाट्यांच्या भाड्याच्या जीपनें परतल्या. पाठीशीं दोन उशा दिल्या होत्या. वाटेंत त्या कण्हल्या, पण तक्रार म्हणून केली नाहीं.

कारखान्याच्या दुरुस्तीखात्यानें मागचे दोन्ही फुगे व पंप बदलावे असें सांगितलें. हमीची मुदत संपलेली, आंकडा लाखांत. मेहुणे आतां पोलादी स्प्रिंगा बसवूं म्हणतात. तसे तयार संच परदेशांत विकतात. परंतु मग उंची कमीजास्त करण्याची सोय जाते, आणि इशाऱ्याचा दिवा विझविण्याची निराळी तजवीज करावी लागते, असें आम्हीं सुचविलें. चारचौघांचा हा खल आत्याबाई जपमाळ ओढीत ऐकत होत्या.

"माझ्यासाठीं घेतलीत ना गाडी?" त्या म्हणाल्या. "मग काय तें कार्तिकीच्या आधीं करा. तुमच्या त्या फुग्यापायीं नरसीचें दर्शन धड झालें नाहीं. मला पुन्हां जायचें आहे."